फाट्यापर्यंत शून्य

मुक्कामाची गाडी आमच्या गावात झोपते,
सातेरीच्या देवळामागे, जांभळीखाली.
पाटी कानडीत. नागुआत्तीला अक्षर कुठलंच येत नाही,
ती गाडी ओळखते उजव्या गालावरच्या पोच्यावरून
आणि म्हणते, आली गा, आमची पोचलेली आली.

संक्रांतीनंतर ईरप्पा कंडक्टरने सांगितलं,
बॅग मांडीवर घेऊन, आमच्याकडे न बघता:
या रूटला लोड नाही.
डेपोत कागद फिरतोय. एप्रिलच्या एक तारखेपासून
गाडी जांबोटीलाच झोपेल.
तो बैलहोंगलचा. मराठी जपून बोलतो,
त्यामुळे वाईट बातमीसुद्धा
जरा उशिरा कळते.

लोड म्हणजे काय, ते त्या दिवशी समजलं.
लोड म्हणजे आम्ही.
सकाळी सहाला कॉलेजची दोन पोरं,
मष्णू दूधवाला आणि त्याच्या किटल्या,
मंगळवारी-शुक्रवारी डायलिसिसला तुकाप्पा मास्तर.
बाकीची बाकडी थंडीत
एकमेकांकडे पाठ करून.

बायकांचं तिकीट शून्याचं.
पण शून्य नुसतं नसतं, ईरप्पाने मशीन दाखवून समजावलं होतं.
कागदावर सोन्ने,
सोन्नेच्या मागे फाट्यापर्यंतचे बारा रुपये,
जे बेंगळुरूहून यायचे असतात.
येतात काय, मी विचारलं.
येतात, म्हणाला,
आणि खिडकीची काच वर ओढत बसला.

त्या रात्री भिशीत पैशाचं बोलणं झालंच नाही.
दुसऱ्या दिवशी सहाच्या गाडीत आम्ही एकोणीस बायका,
कुणालाच कुठे जायचं नव्हतं.
फिलोमिनाने नाताळची शाल काढली होती,
नागुआत्तीने नाकात मोठी नथ.
एल्लिगे? ईरप्पाने विचारलं.
फाटा.
फाटा.
फाटा.
मशीन एकोणीस वेळा कुरकुरलं.
मी म्हटलं, खानापूरची फाड की, तेवढाच आकडा वाढेल.
नको, म्हणाला. उतरता फाट्याला, तर फाट्याचंच.

फाट्यावर काही नाही.
बंद पानपट्टी, किलोमीटरचा दगड,
त्यावर एका भाषेवर दुसऱ्या भाषेचा डांबर.
तिथून साडेचार किलोमीटर चालत परत,
काजूच्या मोहोराच्या वासातून,
प्रत्येकीच्या डोक्यावर चार काटक्या,
कारण रिकाम्या हाताने चालायची
आम्हाला सवय नाही.

मग पाळ्या लावल्या, शाळेच्या जुन्या हजेरीवहीत.
पुरुषांना पैसे पडतात,
म्हणून ते कट्ट्यावरून हात हलवायचे.

एकदा वळणावर चेकिंगवाला चढला.
तिकिटं मोजली, डोकी मोजली, पुन्हा तिकिटं.
हिशेब चुकत नव्हता, त्यामुळेच त्याला तो पटत नव्हता.
अज्जी, फाट्याला काय काम?
नागुआत्ती म्हणाली, चालत परत यायचं काम.
तो तिच्या चपलेकडे बघत राहिला,
एका अंगठ्याला सुतळी बांधलेली.
मग ईरप्पाशी बराच वेळ कानडीत बोलला.
मला फक्त शेवटचं सरि कळलं,
तेही कुठल्या अर्थाने, ते नाही.

एक तारीख गेली. कागद अजून फिरतोय म्हणे.
नागुआत्तीने आपली सगळी तिकिटं
हळदीच्या डब्यात ठेवली होती, पुरावा म्हणून.
काल उघडून बघितली तर शाई उडालेली,
पांढऱ्या पट्ट्या नुसत्या.
शून्यसुद्धा उरलं नाही गा, म्हणाली,
आणि पट्ट्या सरळ करून
परत डब्यात ठेवल्या.

साडेआठ वाजले.
चढावर उजेड वळला, जांभळीवरची वटवाघळं उठली,
इंजिन बंद झालं
आणि थंड होताना बराच वेळ
पत्रा टिकटिकत राहिला.
तुकाप्पा मास्तरांच्या दारात पिशवी भरून ठेवलेली,
उद्या मंगळवार.
मी वही उघडते.
उद्या माझी पाळी नाही.
चप्पल तरी दाराशी आणून ठेवते.